पेणची बस्साई, रोह्याची बस्साई

पेणला लोक गणपती ठरवायला जातात, पापड घ्यायला जातात, नाहीतर अलिबागच्या वाटेवर चहाला थांबतात. मी गेले ती कराटेतल्या एका हालचालीची चौकशी करायला. असल्या कामासाठी कोणी सुट्टी टाकतं का, असं नवऱ्याने विचारलं. टाकतं, मी म्हटलं, आणि बॅग भरली.

मी चिंचवडला मुलांना कराटे शिकवते, पंचवीसेक वर्षं होत आली. ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. काता म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका. समोर कोणी नसतं, पण असल्यासारखं लढायचं. प्रत्येक कात्याला नाव असतं आणि प्रत्येक हालचालीला अर्थ असतो, निदान मुलांना आपण तसं सांगतो. आमच्याकडे ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला 'बस्साई दाई' करावी लागते. नावाचा अर्थ 'किल्ला फोडून आत शिरणं' असा लावतात. त्यात किल्ला कुठे आहे ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. ओकिनावा बेटावरून ती जपानात गेली एवढं सगळे मान्य करतात. त्याआधी चीनमधून आली का, कोणी रचली, कशासाठी रचली, यावर जाणकार अजून भांडतात. जुन्या गुरूंनी फारसं लिहून ठेवलं नाही, जपानात गेल्यावर बऱ्याच कात्यांची नावंही बदलली, आणि मग ज्याने त्याने आपापला अर्थ लावला.

या बस्साईत मध्यावर एक जागा येते. दोन्ही हातांनी समोरच्याला पकडायचं, खेचायचं आणि त्याच्या गुडघ्यावर लाथ हाणायची. आमच्याकडे मात्र तिथे लाथ नाही. आम्ही पाय उचलतो, न मारता हळूच टेकवतो, उजवा हात उघडा करून खाली नेतो आणि तोच हात छातीशी आणतो. आमच्या म्हात्रे सरांनी मला असंच शिकवलं. अर्थही शिकवला. शत्रूने लाथ मारली, ती आपण खालच्या खाली झेलली, आणि त्याचा पाय छातीशी ओढून मोडला. ओकिनावातल्या एका जुन्या घराण्याची ही गुपित चाल, आपल्याकडेच काय ती टिकली, असं सर सांगायचे. मी ती किती मुलांना शिकवली त्याला गणती नाही. एका शिबिरात त्यावर तासभर बोलले होते. सर तेव्हा पहिल्या रांगेत होते आणि उठून टाळ्या वाजवत होते.

मग सायली नापास झाली. सायली नऊ वर्षं माझ्याकडे शिकतेय. जूनपासून तिला एका शाळेत खेळशिक्षिकेची जागा मिळायची आहे आणि ब्लॅक बेल्ट ही त्यांची अट आहे. परीक्षकांनी शेरा मारला, 'लाथ गाळली, कात्यात नसलेली हालचाल केली.' आजवर आमच्या मुलांची परीक्षा सर एकटेच घ्यायचे, या वेळी पहिल्यांदाच तीन परीक्षक होते, बाहेरचे दोघे आणि म्हात्रे सर. बाकीच्या दोघांपुढे त्यांचं काही चाललं नसणार, अशी मी माझी समजूत घातली. फेरपरीक्षा महिन्याभराने. तोवर सरांनी परीक्षकांपुढे उभं राहून ही चाल खरी आहे, जुनी आहे, एवढं सांगावं, म्हणजे पोरीची नोकरी वाचेल, हे माझं काम होतं. फोनवर सर म्हणाले, "रोह्याला ये, बोलू."

मी आधी पेणला उतरायचं ठरवलं, कारण सर मूळचे पेणचे. तरुणपणी ते दर रविवारी मुंबईला जाऊन कराटे शिकायचे आणि आठवडाभर पेणच्या मित्रमंडळींना शिकवायचे. पुढे कंपनीतल्या नोकरीसाठी ते चिंचवडला आले, तिथे मी त्यांची विद्यार्थिनी झाले, आणि नंतर बदली होऊन ते रोह्याला गेले ते तिथेच राहिले. पेणच्या त्या पहिल्या तुकडीतल्या हेमाताई अजून तिथेच आहेत असं कळलं होतं. दोन साक्षी एकापेक्षा बऱ्या, असा माझा हिशेब.

अलिबागची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त आणि उभे राहिलेले पुरुष जरा फुगलेले. घाट उतरून खोपोलीपर्यंत सगळं सुखाचं. पुढे पेणपर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काही चांगलं लिहीन या आशेवर राहू नका. ट्रकमागून ट्रक, आणि खड्डा चुकवायला ड्रायव्हर गाडी अशी वळवायचा की शेजारच्या आजी प्रत्येक वेळी माझ्या मांडीवर. "पोरी, धर मला," म्हणायच्या आणि पुन्हा झोपायच्या. गागोद्याचा फाटा गेला तेव्हा त्यांना उतरायचं होतं, ते फाटा मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी कंडक्टरला शिव्या दिल्या. दोन्ही बाजूंना भात निघालेल्या शेतांत वाल पसरलेला होता. तेवढं एक डोळ्याला बरं वाटलं.

पेणला स्टँडजवळ राहायला साध्या खोल्या मिळतात. रस्त्याकडची घेऊ नका, झोप मिळणार नाही. जेवायला एका घरगुती खानावळीत वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळाली, आणि त्यासाठी मी पेणचे शंभर अपराध माफ करायला तयार होते. चार वाजता हेमाताईंच्या कारखान्यावर गेले.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. माघी गणपतीची गडबड चालू होती, आणि भाद्रपदाच्या मूर्तीही साच्यातून निघून रांगांनी उभ्या होत्या, रंग न लावलेल्या, पांढऱ्याफटक. दोन रांगांच्या मध्ये एक माणूस कसाबसा चालेल एवढीच वाट. हेमाताई साठीच्या, अंगाने भरलेल्या, एका कानाला मोबाइल लावून कोणाला तरी झापत होत्या. धंदा त्यांचाच आहे आणि तो त्या कोणाला विसरू देत नाहीत. दुबईला आपल्या मूर्ती जातात हे त्यांनी मला चहा येईपर्यंत तीनदा सांगितलं.

म्हात्र्यांचं नाव काढल्यावर मात्र खुलल्या. "अशोकची शिष्या काय तू? इथंच शिकवायचा तो आम्हाला. ह्याच शेडमधी. गणपती गेले की शेड रिकामी, मग काय, आमचाच दरबार. मी एकटीच पोरगी होते. तात्या, म्हंजे आमचा बाप, आधी नाय म्हणत होता."

मी म्हटलं, मला बस्साईतली एक जागा विचारायचीय. आणि दोन रांगांमधल्या वाटेत उभी राहून करून दाखवली. पकडलं, खेचलं, पाय उचलला, टेकवला, हात खाली, हात छातीशी.

हेमाताई हसायला लागल्या. साध्या नाही, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. रंगकाम करणाऱ्या दोघी बायकाही थांबून बघायला लागल्या.

"अजून करता तुम्ही हे? चिंचवडला?"

"करतो म्हणजे? ती चाल आहे. ओकिनावाची."

"कसली ओकिनावाची गो! ती लाथ नाय की चाल नाय. माफी हाय ती."

मग त्यांनी सांगितलं. गणपती गेले की शेड मोकळी असायची, पण दिवाळीनंतर नव्या मूर्ती उभ्या राहायला लागायच्या आणि जागा आक्रसत जायची. पौष-माघात तर ही एवढीच वाट उरायची. एकदा अशोकने, म्हणजे आमच्या सरांनी, बस्साई करताना लाथ मारली आणि ती जाऊन बसली मूर्तीच्या हातावर. मोदकासकट हात खाली. तात्या तिथेच होता.

"तात्यानं त्याची गचांडी धरली. देवाला लाथ मारतोस, म्हणाला, उद्यापासनं पाऊल ठेवायचं नाय. चार दिवस वर्ग बंद. मग हा पाया पडला, नाक घासलं, तेव्हा कुठं तात्या म्हणाला, शिकवा, पण पाय उचलायचा नाय मूर्तीकडं. आन चुकून लागलाच, तर हात लावून पाया पडायचं. मग आम्ही काय करणार? वाट ही एवढी. पाय लागला का नाय लागला, कळायचं पण नाय. म्हणून दर वेळी पडायचो पाया. लागो नायतर न लागो." आणि त्यांनी बसल्या बसल्या उजवा हात खाली मूर्तीच्या पाटाला लावून छातीशी आणला. तीच हालचाल. त्यांच्या हातात ती इतकी साधी दिसत होती की मला वेगळं काही समजावून सांगायची त्यांना गरजच उरली नाही. एसटीत कोणाला पाय लागला की आपण दिवसातून दहा वेळा तेच करतो.

"पण प्राणप्रतिष्ठा कुठे झाली होती मूर्तीची?" मी उगाच वाद घातला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"ते तात्याला सांगायचं होतंस. साच्यातनं निघाला की देव, असं होतं त्याचं."

मी विचारलं, सरांना हे सगळं आठवत असेल का. हेमाताई म्हणाल्या, "नाक त्याचं घासलंय, माझं नाय. त्याला नाय आठवणार तर कोणाला?" निघताना त्यांनी पापडांची दोन पाकिटं हातात कोंबली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांच्यावर रागवण्यासारखं काही नव्हतं.

त्या रात्री मला वाटत होतं की सर विसरले असतील. माणूस विसरतो. ऐकलेली आणि केलेली गोष्ट वर्षांनुवर्षांत एकमेकांत मिसळते. ओकिनावातही असंच झालं असेल. कोणा गुरूचा खुबा दुखत होता, कोणाचं अंगण लहान होतं, आणि त्यांच्या शिष्यांनी त्याचीच चाल केली. हे मी समजून घेऊ शकते. कात्यांचा सगळा इतिहास अशाच गोष्टींनी भरलेला असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेणहून रोह्याला मेमूने गेले. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि पेणचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाला वेळ धरा. डबा जवळजवळ रिकामा. कासू, नागोठणे करत गाडी रमतगमत जाते. समोर बसलेल्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकडच्या, दोघी सोड्यांच्या, सुकवलेल्या कोलंबीच्या, पिशव्या घेऊन निघाल्या होत्या. वासाने जीव नकोसा झाला, आणि उतरताना मीच त्यांच्याकडून पाव किलो सोडे घेतले.

सरांचा वर्ग कुंडलिका नदीच्या बाजूला एका शाळेच्या मैदानात भरतो. मी लवकर पोचले आणि कठड्यावर बसले. सर पाठमोरे होते, केस पांढरे, पाठ अजून ताठ. मुलं बस्साई करत होती. मध्यावरची ती जागा आली. पकडलं, खेचलं, आणि पंधरा-वीस पाय एकदम खाली सुटले. लाथ. स्वच्छ, पुस्तकात असते तशी लाथ. कोणाचाही हात छातीशी गेला नाही.

पहिला विचार काय आला असेल तर हा, की मी चुकीच्या वर्गात आले.

सरांनी मला पाहिलं, हात केला, आणि वर्ग पुरा होईपर्यंत पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. नंतर मुलं गेली. सरांच्या बायकोने, आम्ही त्यांना काकी म्हणतो, मैदानाला लागूनच असलेल्या त्यांच्या घरापुढे पोपटी लावली होती. थंडीत या भागात आलात तर पोपटी चुकवू नका असं सगळेच लिहितात, मीही लिहिते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं उपडं करायचं आणि वरून जाळ. "शुभदा येणार म्हणून लावली गो," काकी म्हणाल्या. आम्ही जाळाभोवती बसलो.

मी म्हटलं, "सर, तुमची मुलं लाथ मारतात."

"मारतात."

"कधीपासून?"

"झाली आठ-दहा वर्षं. व्हिडिओ आले ना मोबाइलवर सगळीकडचे. बघितलं, चूक कळली, सुधारली."

"मला सांगितलं नाहीत."

सरांनी काठीने निखारे सारखे केले. "तुझा क्लास मोठा. तू भाषणं द्यायला लागली होतीस त्यावर. काय सांगणार होतो? हे सगळं खोटं हाय म्हणून सांगू?"

"टाळ्या वाजवत होतात तुम्ही."

"मग काय रडायचं होतं? चांगलं बोललीस तू."

काकी उठून आत गेल्या. जाताना त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की मला कळलं, त्यांना हे सगळं आधीपासून माहीत आहे.

मी हेमाताईंच्या शेडचं काढलं. मूर्तीचा हात, तात्या, नाक घासणं. सर जरासुद्धा दचकले नाहीत. उलट हसले, आणि ते हसू मला अजून सहन होत नाही.

"पेणच्या कारखान्यात देवाची माफी मागायला शिकलो, असं सांगितलं असतं तर तू शिकली असतीस माझ्याकडे? तुझ्या बापानं पाठवली असती? पेणचं कोणाला नको असतं शुभदा. पेणचे फक्त गणपती चालतात. ओकिनावा म्हटलं की माणूस मान डोलावतो."

"मी शिकले असते."

"नाय शिकली असतीस."

ते खरं असू शकतं, आणि तपासायचा मार्ग आता नाही. मी मुद्द्यावर आले. म्हटलं, हे सगळं राहू दे. सायलीची फेरपरीक्षा आहे. तुम्ही परीक्षकांना एवढंच सांगा की ही चाल तुम्ही शिकवलीत, पोरीची चूक नाही. जशी शिकवली तशी तिने केली.

सरांनी हातातली काठी जाळात टाकली. मग म्हणाले, "पहिली फुली मीच मारली."

"काय?"

"सायलीला नापास मीच केली. ते दोघं बोलतच होते, ही काय भानगड, हे कुठनं आलं. अजून दोन मिनिटं गेली असती तर मला विचारलं असतं. त्याआधी मीच म्हटलं, चूक हाय, चूक धरा."

मी नऊ वर्षं त्या पोरीला सांगत आले की बस्साईत तिथे घाई करू नकोस, हात छातीशी नीट ने, म्हात्रे सर बघतील. त्यांनी बघितलं. बघून तिला बाद केलं. सरांचं घराणं, गुपित चाल, पहिली रांग, टाळ्या, सगळं माझ्या अंगावर एकदम आलं, आणि मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना 'तुम्ही' ऐवजी 'तू' म्हणाले, एवढं पुरे.

काकींनी बाहेर येऊन मडकं उघडलं. वाल शिजले होते. मी उठून जायला हवं होतं. गेले नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि रागाने पोट भरत नाही. मी बसून शेंगा सोलून खाल्ल्या, अंडं खाल्लं, आणि सर समोर बसून माझ्यासाठी कोंबडीचे तुकडे वेगळे काढत होते. काकींनी दाराशी मला म्हटलं, "त्याला आतून खातं हे. बोलत नाय एवढंच." असेल. मला त्याचं काय करायचं?

तिसऱ्या दिवशी रोह्याहून शेअर रिक्षाने कोलाडला आले. रिक्षा भरेपर्यंत हलत नाही, अर्धा तास धरा. कोलाडला हायवेवर खायला भरपूर जागा आहेत, पण लोक राफ्टिंगला आलेले असतात आणि मिसळीचे भाव त्यांच्या हिशेबाने. माणगावला गाडी बदलून ताम्हिणीमार्गे पुणं. घाट सुंदर आहे, असं मला सांगतात. मी पूर्ण वेळ एकच गोष्ट डोक्यात घोळवत होते. बस्साई कोणी रचली, कोणाला ठाऊक नाही. किल्ला कुठला, ठाऊक नाही. त्या सबंध कात्यात एकाच हालचालीचा जन्म आपल्याला पक्का माहीत आहे. गाव माहीत आहे, शेड माहीत आहे, पाय कोणाचा लागला आणि शिव्या कोणी दिल्या तेही माहीत आहे. सरांनी हे खरं सांगितलं असतं तर ती आमची अभिमानाची गोष्ट झाली असती. परीक्षेत आम्ही लाथ मारली असती आणि क्लासमध्ये दसऱ्याला मुद्दाम पेणची बस्साई केली असती. त्यांनी तिला ओकिनावाचा सदरा घातला, आणि अंगावर आल्यावर माझ्या पोरीच्या पाठीवर टाकला.

सोमवारी सायलीला क्लासच्या आधी बोलावलं आणि सगळं सांगितलं, शेड, तात्या, पहिली फुली, काही वगळलं नाही. आधी रडेल, मग ओरडेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "मग लाथ दाखवा."

दाखवली. तिने एकदा करून पाहिली, बरी झाली. दुसऱ्यांदा जास्त चांगली. मग म्हटलं, सबंध काता कर. ती सुरुवातीपासून करत आली, मधली जागा आली, पकडलं, खेचलं, लाथ बसली, आणि पाय खाली येतो न येतो तोच तिचा उजवा हात उघडा होऊन खाली गेला आणि छातीशी आला.

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून केली. पुन्हा हात गेला. मी मुठीत नाणं धरायला दिलं, ते खाली पडलं आणि हात गेला. पाचव्या-सहाव्या वेळी तिने डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या हातावर इतक्या जोरात चापट मारली की आवाजाने बाहेर चपला काढणारी मुलं आत डोकावली.

"ऐकतच नाही हा, मॅडम," ती म्हणाली.

फेरपरीक्षेला तीन आठवडे आहेत. आम्ही रोज सकाळी भेटतो. लाथ छान बसते आता तिची. मी बाजूला उभी राहते, आणि ती जागा आली की पुढे होऊन तिचं मनगट धरून ठेवते.